नकाशावरची कोरी जागा

निवृत्त होईपर्यंत ३१ वर्षे मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. आफ्रिकेचा धडा आला की फळ्यावर दोन ओळी लिहीत असे : डेव्हिड लिव्हिंग्स्टन, १८४९, एन्गामी सरोवराचा शोध, १८५५, व्हिक्टोरिया धबधब्याचा शोध. मुले त्या वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवीत. ‘सर, तिथे आधीपासून माणसे राहत नव्हती का?’ असे एकाही मुलाने कधी विचारले नाही. विचारावेसे वाटेल असे माझ्या शिकवण्यातही काही नव्हते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये या दोन ओळींपैकी पहिलीशी माझी पुन्हा गाठ पडली. माझी भाची आणि जावई नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतात. त्यांनी मित्रमंडळींसह बोट्स्वानाची सहल ठरवली आणि आम्हा उभयतांना बोलावून घेतले. माझ्या आग्रहावरून आमच्याच शाळेतले भूगोलाचे सरही आले. एकूण आठ माणसे, तीन फोर-बाय-फोर गाड्या, छपरावर उघडणारे तंबू, पाण्याचे आणि डिझेलचे कॅन, आणि सोळा दिवस. गाडी आपणच चालवायची, स्वयंपाक आपणच करायचा, रात्री सिंहाची डरकाळी ऐकू आली तर तंबूची चेन वर ओढून गप्प पडून राहायचे, अशी ही सहल. प्राणी भरपूर दिसले. त्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील, म्हणून ती येथे करीत नाही. जिथे प्राणी नव्हते, झाड नव्हते, काहीच नव्हते, त्या भागाबद्दल मला लिहायचे आहे. तिथे काहीच नाही, असे मला वाटले होते.

मिठाची परात

बोट्स्वानाच्या ईशान्येला मिठाची विस्तीर्ण मैदाने आहेत. त्यांचे नाव रोमन लिपीत वाचले तर ‘माक्गादिक्गादी’ असे दिसते. पण सेत्स्वाना भाषेत ‘ग’ या अक्षराचा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ख’च्या जवळ जातो, त्यामुळे स्थानिक माणसाच्या तोंडून ते ‘माखाडीखाडी’ असे काहीसे ऐकू येते. मराठी कानाला त्यात खाडी ऐकू यावी हा निव्वळ योगायोग. तरी भूगोलाच्या सरांना तो फार आवडला, कारण एके काळी इथे खाडीहून कितीतरी मोठे पाणी होते.

सुआ आणि एन्त्वेत्वे ही यातली दोन मोठी मैदाने. ‘सुआ’ म्हणजे सान लोकांच्या भाषेत मीठ. उत्तरेला न्खाय पॅन आणि आजूबाजूला लहान-लहान परातींसारखे असंख्य खळगे. या साऱ्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याएवढे, धरतात. या ठिकाणी प्राचीन काळी एक प्रचंड सरोवर होते. आज समुद्रसपाटीपासून ९४५ मीटर उंचीवर त्याच्या जुन्या किनाऱ्याच्या खुणा सापडतात. पाणी तिथवर होते तेव्हा सरोवराचा विस्तार ६६,००० चौरस किलोमीटरच्या आसपास असावा. महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा पाण्याखाली आहे अशी कल्पना करून पाहावी. पुढे भूकवचाच्या हालचालींनी नद्यांची वळणे बदलली, हवामान कोरडे होत गेले, सरोवर आटले आणि तळाशी क्षार उरले.

सुआ मैदानाच्या नैर्ऋत्य कडेला कुबू नावाचे ग्रॅनाइटचे बेट आहे. कुबू म्हणजे पाणघोडा. भोवती पाण्याचा थेंब नाही, तरी त्याला बेटच म्हणतात आणि ते बरोबरही आहे. खडकांवर पांढरट पुटे दिसतात, ती सरोवर भरलेले असताना तिथे बसणाऱ्या पाणपक्ष्यांच्या विष्ठेची. पायथ्याला लाटांनी गुळगुळीत केलेले गोटे पडले आहेत. एका बाजूला चुन्याशिवाय रचलेली, कोयरीसारखी वळलेली दगडी भिंत आहे. तिचा संबंध ग्रेट झिम्बाब्वेच्या बांधकामपरंपरेशी जोडला जातो. या जागेची देखभाल जवळच्या म्माचुमो गावातला गाइंग-ओ नावाचा लोकांचा न्यास करतो. आम्ही तिथे तंबू टाकले त्या संध्याकाळी सर म्हणाले, ‘‘बघा, किनाऱ्यावर मुक्काम आहे आपला. फक्त समुद्र उशिरा आटला असता तर बरे झाले असते.’’

या सरोवराच्या काठी माणूस फार जुना आहे. आटलेल्या तळावर दगडी हत्यारे सापडतात आणि त्यातल्या काही हातकुऱ्हाडी एक फुटाएवढ्या लांब आहेत. वायव्येकडच्या त्सोदिलो टेकड्यांतल्या एका गुहाश्रयात सापडलेल्या हत्यारांचा दगड सुमारे २२० किलोमीटर दूरच्या एन्गामी आणि बोटेती परिसरातून आणलेला होता, असे रासायनिक तपासणीतून दिसले आहे. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाने तर दोन लाख वर्षांपूर्वीच्या आधुनिक मानवाचे मूळ घर याच पाणथळ प्रदेशात असल्याचा दावा केला. तो केवळ आईकडून येणाऱ्या जनुकांवर आधारलेला होता, आणि एवढ्याशा पुराव्यावर एकच मूळ गाव ठरवता येत नाही, असे म्हणत अनेक अभ्यासकांनी त्यावर कडक टीका केली. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. जगात ज्या थोड्या जागी माणूस फार पूर्वीपासून सतत वावरत आला आहे, त्यांपैकी ही एक. आणि याच जागेला युरोपीय नकाशाकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोरे ठेवले होते.

गाडी रुतली

कुबूहून उत्तरेला ग्वेटा गावाकडे जायचे तर एन्त्वेत्वेचे मैदान ओलांडावे लागते. चाकोरी सोडायची नाही, ही या प्रवासातली पहिली आणि शेवटची सूचना. वरचा पापुद्रा वाळून पापडासारखा कडक झालेला असतो, पण खाली ओला, राखाडी, चिकट चिखल असू शकतो. वरून पाहून ते कळत नाही. आमच्या दुसऱ्या गाडीतल्या तरुण मंडळींना मृगजळाचा फोटो हवा होता. चाकोरीपासून पन्नास पावले बाजूला गेले आणि गाडी आसापर्यंत खाली बसली. दोर लावून ओढायला गेलेली तिसरी गाडीही डगमगू लागली तेव्हा तिला घाईने मागे घेतले.

दोन तास आम्ही फावड्याने खणत होतो. चारही दिशांना पांढरे, क्षितिज थरथरणारे, मोबाइलला रेंज नाही. मग लांबवर एक ठिपका दिसला. तो मोठा होत होत घोड्यावरचा माणूस झाला. वय साठीच्या पुढे, अंगात जुना कोट. चुकलेली गुरे शोधायला निघाला होता. भाचीने ‘दुमेला, रा’ असा तिकडचा नमस्कार केला, त्याने डोक्यावरची टोपी काढून उत्तर दिले. गाडीभोवती एक फेरी मारली, टाचेने जमीन दाबून पाहिली आणि आम्ही ज्या दिशेने गाडी ओढत होतो तिच्या बरोबर उलट दिशेला बोट दाखवले. त्या बाजूला, शंभर-दीडशे पावलांवर, गवताची विरळ रेघ होती. आमच्यापैकी कोणाचेही तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. गवत आहे तिथे जमीन घट्ट, एवढे त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितले. टायरमधली हवा आणखी कमी करायला लावली, गवताच्या पेंढ्या आणून चाकांखाली घातल्या, आणि अर्ध्या तासात गाडी बाहेर आली. पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. साखर आणि चहाची पुडी घेतली. पुन्हा टोपी काढून तो निघून गेला.

त्या रात्री ग्वेटाला मी डायरीत लिहिले : ‘गाडी रुतली. एका स्थानिक माणसाने मदत केली. तीन तास वाया.’

दोनशे वर्षांतला पहिला सहल-गट

गटाने, गाड्या घेऊन, शिधा आणि पाणी बरोबर बांधून हा प्रदेश ओलांडण्याची रीत आमच्या आधी पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. १ जून १८४९ रोजी लिव्हिंग्स्टन, विल्यम कॉटन ओस्वेल आणि मंगो मरे हे कोलोबेंगहून बैलगाड्या घेऊन निघाले. खर्चाचा मोठा भार ओस्वेलने उचलला होता. वाटाड्या रामोतोबी नावाचा बामांग्वातो जमातीचा माणूस होता. बैलांना दोन-तीन दिवसांत पाणी मिळाले नाही तर प्रवास संपला, इतका हिशेब सोपा होता. आमचे डिझेल आणि त्यांचे पाणी यांत मला फरक वाटला नाही. फरक एवढाच की डिझेल कुठे मिळते ते नकाशात छापलेले असते.

पाणी कुठे मिळते ते तिथल्या माणसांना ठाऊक होते आणि ते सहजासहजी सांगत नसत. लिव्हिंग्स्टनने स्वतःच आपल्या प्रवासग्रंथात बाकालाहारी बायकांचे वर्णन केले आहे. त्या पाठीवरच्या पिशवीत शहामृगाच्या अंड्यांची वीस-तीस कवचे घेऊन येतात, बोरूच्या टोकाला गवताची जुडी बांधून तो ओल्या वाळूत खोल पुरतात, तोंडाने पाणी ओढून घेतात आणि काडीवरून धार कवचात सोडतात. काम झाले की ती जागा वाळूने बुजवून टाकतात, का, तर लुटारूंनी ती शोधू नये म्हणून. रिकाम्या दिसणाऱ्या जागेचा हा एक अर्थ. ती रिकामी दिसावी अशी तिथल्या माणसांनी व्यवस्था केलेली असते.

पुढे त्या तुकडीची वाट चुकली. पाणी संपत आले. तेव्हा ओस्वेलला झुडपांतून काहीतरी वाकून पळताना दिसले. सिंह असेल असे वाटून त्याने घोडा फेकला, तर ती एक सान स्त्री निघाली. आपल्याला पकडले असे समजून ती जवळचे दोरीचे फासे काढून देऊ लागली. आम्हाला फक्त पाणी हवे आहे, असे सांगितल्यावर ती तयार झाली आणि दिवस कलत असताना घोड्यांच्या पुढे झपाझप आठ मैल चालत तिने त्यांना एन्चोकोत्सा येथील पाण्यापर्यंत नेले. मोबदला म्हणून तिला मांस आणि मण्यांचा मोठा झुपका मिळाला.

एन्चोकोत्साला मावळत्या उन्हात समोर मिठाचे मैदान पसरले होते. त्यावरचे निळसर मृगजळ इतके खरे होते की ओस्वेलने टोपी हवेत उडवून आनंदाने आरोळी ठोकली. त्याला वाटले, सरोवर आले! घोडे आणि कुत्रीदेखील त्या पाण्याकडे धावली. खरे सरोवर अजून जवळजवळ महिनाभराच्या वाटेवर होते. ४ जुलैला त्यांना बोटेती नदी लागली आणि १ ऑगस्टला ते एन्गामीच्या काठावर पोहोचले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या शोधाबद्दल लिव्हिंग्स्टनला २५ गिनींचे पारितोषिक दिले. सरोवराच्या काठी त्या वेळी बातावाना जमातीचा राजा लेत्शोलाथेबे राज्य करीत होता, हे त्या सोसायटीला अडचणीचे वाटले नाही.

ही हकीकत लिव्हिंग्स्टनने प्रामाणिकपणे लिहिली आहे. ती लिहिताना त्याने काही लपवले नाही. रामोतोबीचे नाव दिले, लेत्शोलाथेबेचे दिले. फक्त एन्चोकोत्साच्या पाण्यापर्यंत नेणाऱ्या त्या स्त्रीचे नाव त्यात नाही. ग्वेटाच्या मुक्कामात, गाडीत बरोबर ठेवलेल्या प्रतीत ही पाने वाचताना मी थोडा थांबलो. का थांबलो ते तेव्हा नीट कळले नाही.

झाडांवरची नावे

एन्त्वेत्वेच्या उत्तर कडेला बाओबाब वृक्ष आहेत. पहिले झाड दिसताच माझी पत्नी म्हणाली, ‘‘अहो, ही तर गोरखचिंच!’’ तिचे माहेर वसईचे. तिथल्या किल्ल्यात ही झाडे तिने लहानपणी पाहिलेली.

सपाट प्रदेशात दुरून दिसणारी ही एकमेव खूण. त्यामुळे गोऱ्या प्रवाशांनी, व्यापाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी मुक्कामासाठी ती धरली आणि सालीवर नावे कोरली. ग्वेटाच्या दक्षिणेला ‘ग्रीनचे झाड’ आहे. त्यावर व्यापारी फ्रेड ग्रीनच्या मोहिमेने १८५८-५९ मध्ये कोरलेली अक्षरे आजही वाचता येतात. त्याच्यापासून जवळच ‘चॅपमनचे झाड’ होते. जेम्स चॅपमन हा व्यापारी-प्रवासी १८५२ मध्ये तिथे आला होता. बुंध्याचा घेर सुमारे २५ मीटर. ढोलीत प्रवासी एकमेकांसाठी पत्रे ठेवीत, असे सांगतात. ७ जानेवारी २०१६ रोजी ते कोसळले. आम्ही पाहिले ते जमिनीवर फाकलेले त्याचे अवशेष. कार्बन चाचणीतून त्याचे वय सुमारे १,४०० वर्षे निघाले. म्हणजे चालुक्य सम्राट पुलकेशी दुसरा बदामीहून राज्य करीत होता त्या सुमारास ते रोप असावे. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या १३ बाओबाबांपैकी ९ झाडे २००५ नंतर पूर्णतः किंवा अंशतः मेली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नोंदवले आहे. हवामानबदलाचा संशय आहे, सिद्धता व्हायची आहे.

न्खाय पॅनजवळ कुडियाकाम मैदानाच्या काठावर ‘बेन्सची झाडे’ आहेत. थॉमस बेन्स हा चित्रकार १८५८ च्या झांबेझी मोहिमेत लिव्हिंग्स्टनबरोबर होता. भांडारात अपहार केल्याचा आळ ठेवून त्याला काढून टाकण्यात आले. मे १८६२ मध्ये चॅपमनबरोबर व्हिक्टोरिया धबधब्याकडे जाताना त्याने या झाडांचे चित्र काढले. जावयाने मोबाइलवर ते चित्र काढले आणि झाडांसमोर धरले. एकशे साठ वर्षांत फांद्यांची ठेवणही फारशी बदललेली नाही.

ग्रीन, चॅपमन, बेन्स. झाडे हजार-बाराशे वर्षे उभी होती, त्यांच्या सावलीला माणसे बसत होती, फळातला आंबट गर खात होती, सालीचे दोर वळत होती. नावे मात्र लागली ती दहा-वीस वर्षांत येऊन गेलेल्यांची.

कुंपण

मौन गावाहून दक्षिणेकडे येताना पशुवैद्यकीय खात्याचा नाका लागतो. गाड्या थांबवून शीतपेटी उघडायला लावली, कच्चे मटण काढून घेतले. आम्हाला खाली उतरवून सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर चपला घासायला लावल्या, गाड्यांची चाकेही त्याच पाण्यातून गेली. लाळ्या-खुरकत रोग उत्तरेतल्या रानम्हशींकडून दक्षिणेतल्या गुरांकडे जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. नाक्याच्या दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण क्षितिजापर्यंत गेलेले.

असे पहिले मोठे कुंपण, कुके येथील, १९५८ मध्ये ब्रिटिश अमलात उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर युरोपला गोमांस निर्यात सुरू राहावी म्हणून ती वाढत गेली. ज्या देशाचे तेव्हाचे बहुतेक उत्पन्न गुरांवर होते, त्याला दोष देणे सोपे नाही. पण कुंपण घालणाऱ्यांच्या नकाशावर प्राण्यांच्या वाटा नव्हत्या. दुष्काळात पाण्याकडे निघालेले विल्डबीस्ट तारेला अडून हजारोंनी मेले. १९६० आणि १९८० च्या दशकांत हे घडले.

याच कथेचा एक भाग मला फार विलक्षण वाटतो. १९६८ मध्ये ओकावांगो आणि माखाडीखाडी यांच्या मध्ये एक कुंपण आले आणि झेब्र्यांच्या जुन्या स्थलांतराची वाट बंद झाली. २००४ मध्ये ते काढले. मधे ३६ वर्षे गेली. रानातला झेब्रा इतका जगत नाही. ती वाट चाललेला एकही झेब्रा हयात असणे शक्य नव्हते. तरी २००७ ते २००९ या काळात गळ्यात यंत्र बांधून काही झेब्र्यांचा माग काढला, तेव्हा ते ओकावांगोहून मिठाच्या मैदानालगतच्या गवतापर्यंत जाऊन परतत असल्याचे दिसले. जाऊन-येऊन ५८८ किलोमीटर. पावसाचा माग काढत गेले असतील, नव्या गवताचा वास आला असेल. कारण काहीही असो, वाट पुन्हा सुरू झाली. हे वाचून मला बरे वाटले. मग लक्षात आले की झेब्र्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी खटला चालवावा लागला नव्हता.

राखीव कोणासाठी

ब्रिटिशांनी १८८५ मध्ये या प्रदेशाला संरक्षित राज्य केले, ते मुख्यतः उत्तरेकडे जाणारा रस्ता हातात राहावा म्हणून. राजधानीदेखील देशाबाहेर, माफिकेंगला ठेवली. १८९५ मध्ये हा मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला देण्याचे घाटत होते, तेव्हा खामा तिसरा, सेबेले आणि बाथोएन या तीन राजांनी इंग्लंडला जाऊन, गावोगावी सभा घेऊन ते थोपवले. खामाचा नातू सेरेत्से खामा ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र बोट्स्वानाचा पहिला अध्यक्ष झाला. देश जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी मिठाच्या मैदानांच्या दक्षिणेला ओरापा येथे हिऱ्यांची खाण सापडली. खनिजांचा हक्क जमातींकडून काढून राष्ट्राकडे देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला, आणि त्यात सेरेत्सेच्या स्वतःच्या जमातीचाही हक्क गेला. हिऱ्यांच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. आफ्रिकेत फार थोड्या ठिकाणी असे घडले. ओरापाच्या मुलखातला कच्चा माल फिरत फिरत सुरतेच्या घंटीवर येतो आणि मुंबईच्या हिरेबाजारात मांडला जातो, तेव्हा या गोष्टीत आपणही अगदीच बाहेरचे नाही.

पण त्या रिकाम्या जागेत राहणाऱ्या सान लोकांच्या वाट्याला वेगळे आले. आमच्या सहलीचा शेवटचा टप्पा मध्य कालाहारी राखीव क्षेत्राचा होता. क्षेत्रफळ ५२,८०० चौरस किलोमीटर. आपल्या सगळ्या कोकण विभागाच्या दीडपटीहून अधिक. १९६१ मध्ये ते स्थापन झाले ते जॉर्ज सिल्बरबावर या अधिकाऱ्याच्या पाहणीवरून. तिथल्या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांची भूमी त्यांच्याकडे राहावी, हा त्याचा हेतू. पण माणसांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद तेव्हाच्या कायद्यात नव्हती, वन्यप्राण्यांसाठी होती. म्हणून ‘गेम रिझर्व्ह’ हे नाव दिले. हेतू माणसांचा आणि नाव प्राण्यांचे.

पुढे नावच खरे धरले गेले. शिक्षण, आरोग्य या सोयी एवढ्या दूर देता येत नाहीत आणि वस्ती व वन्यजीवन एकत्र नांदत नाही, असे सरकारने ठरवले. १९९७ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये तिथल्या लोकांना बाहेरच्या वसाहतींत हलवले. २००२ मध्ये पाणीही बंद केले. हिऱ्यांसाठी हे केले हा आरोप सरकारने नेहमीच नाकारला. लोक न्यायालयात गेले. देशाच्या इतिहासातल्या सर्वांत लांबलेल्या खटल्यांपैकी तो एक ठरला. १३ डिसेंबर २००६ रोजी तिघा न्यायाधीशांपैकी दोघांनी निकाल दिला : या लोकांचा भूमीवरचा ताबा त्यांच्या संमतीविना काढून घेतला गेला, ते बेकायदा होते. या दोघांपैकी एक युनिटी डाऊ, ज्या कादंबरीकारही आहेत. मात्र बंद केलेल्या सेवा पुन्हा द्याव्याच असे सरकारवर बंधन नाही, असेही न्यायालयाने ठरवले. म्हणजे घरी परत जाता येईल, पण पाणी मिळणार नाही. विहिरीसाठी आणखी एक लढा झाला आणि २७ जानेवारी २०११ रोजी अपील न्यायालयाने स्वखर्चाने कूपनलिका वापरण्याचा हक्क मान्य केला.

१८४९ मध्ये पाणी दाखवणाऱ्या स्त्रीच्या लोकांना आपल्याच भूमीत पाणी पिण्याचा हक्क आहे, हे सांगायला १६२ वर्षांनी न्यायालय लागले. आम्ही दर माणशी दिवसाला पाच लिटर पाणी गाडीत घालून, परवान्याची पावती काचेला चिकटवून, त्याच भूमीत तीन रात्री मजेत राहिलो. आम्हाला कोणी अडवले नाही.

डायरीचे पान

घरी परतल्यावर हा लेख लिहायला बसलो तेव्हा डायरी काढली. ‘एका स्थानिक माणसाने मदत केली’ हे वाक्य वाचले आणि ग्वेटाला लिव्हिंग्स्टनच्या पुस्तकावर मी का थांबलो होतो ते कळले. त्याच्याकडून त्या स्त्रीचे नाव राहिले याचा मला राग आला होता. आणि त्याच रात्री, त्याच दिव्याच्या उजेडात, मी तेच केले होते. गाडीचा नंबर, डिझेलचा भाव, तंबूचे भाडे, सारे डायरीत आहे. त्या माणसाचे नाव नाही. विचारले असते तर त्याने सांगितले असते; भाचीला तेवढी भाषा येत होती. मोबदलाही मांस आणि मण्यांच्या जागी साखर आणि चहा, एवढाच काय तो बदल. मी तर भाचीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘मामा, आपण कोणीच विचारले नाही हो.’’

दिवाळीआधी पत्नीबरोबर वसईला गेलो होतो. किल्ल्यातल्या गोरखचिंचेपाशी उभे राहिलो. गोरखनाथांचे नाव लावलेले हे झाड मूळचे भारतातले नाही. जनुकांच्या अभ्यासातून असे दिसते की ते आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या काळी इथे आले. व्यापारी जहाजांतून, आणि बहुधा त्याच जहाजांतून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. बी कोणी गाठीला बांधून आणली, पहिले पाणी कोणी घातले, याची नोंद कुठे नाही. शेजारच्या चर्चच्या फरशीवर गाडलेल्या पोर्तुगीज सरदारांची नावे मात्र अजून वाचता येतात.

इतिहास शिकवण्याचे माझे दिवस संपले. फळ्यावरच्या त्या दोन ओळी आता पुसता येत नाहीत. त्या कितीतरी वह्यांत गेल्या आहेत. डायरी मात्र माझ्या हातात आहे. ‘एका स्थानिक माणसाने मदत केली’ या वाक्याच्या खाली मी एवढेच वाढवले आहे : ‘नाव विचारले नाही. चूक माझी.’